गोदूताई आणि वेठीचा हिशेब

वेवजी (ता. तलासरी) : वेवजी, गिरगाव, झाई या पट्ट्यातून रोज सकाळी माणसं उंबरगावच्या कारखान्यांकडे निघतात. हजेरी लागते, रोज ठरलेला असतो, कमी हातात पडला तर निदान विचारता तरी येतं. ऐंशी वर्षांपूर्वी या भागातल्या वारल्याला तेवढंही विचारता येत नव्हतं. तेव्हा तलासरीचा हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यात होता. राज्याची हद्द १९६० साली पडली, उंबरगाव गुजरातेत गेलं, वेवजी अलीकडे राहिलं. रोज मागायची सुरुवात त्याच्या पंधरा वर्षं आधीची, आणि तिथं नाव येतं गोदावरी परुळेकर यांचं.

गोदूताईंचा जन्म १९०७ चा, पुण्यातल्या गोखले घराण्यातला. वडील वकील. फर्ग्युसन कॉलेजात अर्थशास्त्र, राज्यशास्त्र शिकल्या, पुढे कायद्याची पदवी घेतली. त्या काळात वकिली शिकलेली बाई बोटावर मोजण्याइतकी. १९३२ मध्ये सत्याग्रह करून तुरुंगात गेल्या. मग मुंबईत भारत सेवक समाजाच्या आजीव सदस्य झाल्या, तो मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला. साक्षरतेचं काम केलं, घरकाम करणाऱ्यांची संघटना बांधली. १९३९ मध्ये श्यामराव परुळेकरांशी लग्न झालं. श्यामराव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार राहिलेले, कोकणातल्या खोतीविरुद्धच्या लढ्यातले. पुढे दोघंही कम्युनिस्ट पक्षात आणि किसान सभेत गेले.

म्हणजे वर्ग काय, पिळवणूक काय, हे गोदूताईंना ठाणे जिल्ह्यात यायच्या आधीच पाठ होतं. मार्क्सचा सिद्धांत थोडक्यात असा, की साधनं कोणाच्या मालकीची आणि राबतो कोण, यावर समाजातले वर्ग ठरतात. पण मार्क्सच्या पुस्तकात समोर असते ती मुख्यतः गिरणी. तिथला मजूर उपाशी असला तरी एक मालक सोडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. डहाणू-उंबरगावच्या जंगलात वारल्याला तेवढीही मोकळीक नव्हती.

जमिनी एके काळी त्यांच्याच. कर्जात, कागदावरच्या अंगठ्यात त्या सावकार-जमीनदारांकडे गेल्या आणि वारली आपल्याच शेतावर कूळ झाला. खंड द्यायचा, वर वेठ करायची. वेठ म्हणजे बोलावणं आलं की आपली आवणी तशीच टाकून मालकाच्या शेतावर जायचं, फुकट. नाही गेलं तर मार. आणि सगळ्यात वाईट लग्नगडी. लग्नाला पैसे लागतात, ते सावकाराकडून घ्यायचे आणि फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. हिशेब सावकाराच्या वहीत, वाचता कोणाला येत नाही, मग फिटणार कधी? कित्येकांची हयात त्यातच गेली. अशा घरातल्या बायकांच्या अब्रूलाही मालकाच्या दारात किंमत नव्हती.

जबरदस्तीनं काम करून घेणं हा १८६० च्या दंडविधानातही गुन्हा होता. गोदूताई कायदा शिकलेल्या, त्यांना हे कलम माहीत नसेल असं कसं म्हणावं? पण कोर्टाची पायरी चढायला जे लागतं त्यातलं काहीच पाड्यावर नव्हतं. मॅक्स वेबर नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञानं मांडलंय की विषमता फक्त पैशाची नसते, मानाची आणि सत्तेचीही असते, आणि ती वेगवेगळी मोजावी लागते. इथं मात्र जमीन, मान, पोलिसांपर्यंतचा वशिला, तिन्ही एकाच घरात होतं.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं. माह्या धांगडा आणि काही वारली तिथं गेले आणि त्यांनी वेठीची हकिगत सांगितली. त्यानंतर परुळेकर दाम्पत्य या भागात आलं, पाड्यापाड्यांतून पायी फिरलं. २३ मे १९४५ ला झरी इथं पाचेक हजार आदिवासी जमले. रोख बारा आणे रोज मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतात पाय ठेवायचा नाही, वेठ करायची नाही, असं ठरलं.

सभेत हात वर करणं सोपं. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, मालकाचा माणूस दारात उभा राहिल्यावर. तेव्हा गोदूताई शेजारी नव्हत्या. तो नकार एकेका वारल्यानं, एकेका वारलिणीनं स्वतः दिला. पुढच्या काही आठवड्यांत गावोगाव लग्नगडी सोडवले गेले. आंदोलनाच्या इतिहासात हा भाग पटकन उरकला जातो, पण खरं मोठं काम तेच होतं.

मग गवताचा हंगाम आला. ५०० रत्तल गवत कापायला अडीच रुपये, अशी मागणी झाली. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाडा इथं जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले. परुळेकरांवर जिल्हाबंदी आली. तरी संप थांबले नाहीत. पुढच्या वर्षी जंगलकामाचा संप झाला आणि नोव्हेंबर १९४६ मध्ये लाकूड व्यापाऱ्यांना दिवसाला सव्वा रुपया मान्य करावा लागला.  वेठबिगारीविरुद्ध देशाचा कायदा झाला तो १९७६ साली.

गोदूताईंनी हे सगळं जेव्हा माणूस जागा होतो या पुस्तकात लिहिलं. ते १९७० ला आलं, १९७२ ला त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. श्यामराव त्याआधीच, ऑगस्ट १९६५ मध्ये गेले होते. १९८६ मध्ये गोदूताई अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. त्यांचं आणि श्यामरावांचं नाव आज तलासरीच्या कॉलेजला आहे. माह्या धांगडा किंवा जेठ्या गांगड कोण, हे त्याच कॉलेजातल्या किती पोरांना सांगता येईल?

८ ऑक्टोबर १९९६ ला गोदूताईंचं निधन झालं. तलवाड्याचा स्मृतिदिन १० ऑक्टोबरला. दोन्ही दिवस आता एकाच आठवड्यात येतात, भात पिवळं पडायला लागलेलं असतं आणि माळावर गवत कापायला आलेलं असतं.