शिवयोगी श्री सिद्धरामेश्वर महाराज : चरित्र व साधना

सोलापूरचे ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वर महाराज हे बाराव्या शतकातील थोर शिवयोगी होत. श्रींच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांस त्यांच्या योगसाधनेचा परिचय व्हावा, यासाठी हे संक्षिप्त चरित्र.

जन्म व श्रीशैल यात्रा
त्या काळी सोन्नलगी नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावी मुद्दगौडा व सुग्गलादेवी या दांपत्यापोटी श्रींचा जन्म झाला. बालपणापासून त्यांची वृत्ती अंतर्मुख होती. एकदा शेतात आलेल्या जंगमास त्यांनी हुरडा दिला. अतिथीने दहीभात मागितला म्हणून ते घरी धावले. परतून पाहतात तो अतिथी अदृश्य झालेला. त्याच्या शोधात हा बालक यात्रेकरूंसमवेत थेट श्रीशैल पर्वतावर पोहोचला. तेथे श्री मल्लिकार्जुनाचे दर्शन घडले आणि स्वग्रामी परतून लोककल्याण करण्याची आज्ञा झाली, अशी कथा आहे.

कर्मयोग
परतल्यावर श्रींनी सोन्नलगीस पुण्यक्षेत्राचे रूप दिले. पंचक्रोशीत अडुसष्ट शिवलिंगांची स्थापना केली. अवर्षणाच्या या प्रदेशात सहस्रावधी भक्तांच्या श्रमदानातून विशाल तलाव खोदविला. आजही मंदिर याच जलाशयाने वेढलेले आहे. श्रींच्या ठायी शरीरश्रम हीच उपासना होती.

कल्याणनगरीतील दीक्षा
तलावाचे काम चालू असता अल्लमप्रभू तेथे आले. माती खोदणारा वड्डर म्हणून त्यांनी श्रींचा उल्लेख केल्याने शिष्य संतापले व त्यांनी दगडफेक केली, असे वचनपरंपरा सांगते. बाहेर मंदिरे व तळी उभारली, परंतु अंतरीचे शिवतत्त्व जाणले काय, हा प्रभूंच्या बोलण्याचा गाभा होता. श्रींचा क्रोध शमला आणि ते प्रभूंसमवेत कल्याणास, म्हणजेच आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणास गेले. वास्तविक श्री त्या वेळी गुरुपदी विराजमान होते, शिष्यपरिवार मोठा होता. तरीही वयाने लहान असलेल्या चन्नबसवण्णांकडून त्यांनी इष्टलिंगदीक्षा स्वीकारली व पुनश्च शिष्य झाले. डाव्या तळहातावर इष्टलिंग धारण करून त्यावर दृष्टी व चित्त एकाग्र करणे, ही शिवयोगाची नित्यसाधना होय. कर्मास ज्ञानाची व ध्यानाची जोड लाभली, तेव्हाच श्रींचा योग परिपूर्ण झाला. कपिलसिद्ध मल्लिकार्जुन या नाममुद्रेने त्यांनी कन्नड वचने रचली. पुढे राघवांक या कवीने त्यांच्या चरित्रावर कन्नड काव्य लिहिले.

समाधी व यात्रा
श्री अखेरीस सोन्नलगीस परतले व येथेच योगसमाधीत लीन झाले. मंदिराच्या आवारात समाधीस्थान आहे. एका कुंभारकन्येने श्रींशी विवाहाची इच्छा व्यक्त केली असता, योगव्रती श्रींनी आपल्या योगदंडाशी विवाहाची अनुमती दिली, अशी आख्यायिका आहे. त्याच स्मरणार्थ मकरसंक्रांतीच्या सुमारास गड्डा यात्रा भरते. सात नंदीध्वजांची मिरवणूक निघून अडुसष्ट लिंगांस तैलाभिषेक होतो आणि संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा पार पडतो.

साधनेत अधिकार प्राप्त झाल्यावरही शिकण्याची वृत्ती सोडू नये, हा श्रींच्या जीवनाचा बोध आहे. भाविकांनी समाधीदर्शनानंतर काही क्षण शांत बसून श्रींचे ध्यान करावे व आपल्या घरीही यथाशक्ती नित्यसाधना चालू ठेवावी. श्रींची कृपा सर्वांवर अखंड राहो, हीच प्रार्थना.