म्हैसूरची ‘आकाशवाणी’ : डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी

‘आकाशवाणी’ हे नाव आज घरोघरी रुळले आहे. परंतु म्हैसूरच्या एका प्राध्यापकाच्या घरातून ते देशभर गेले, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

डॉ. गोपालस्वामी पेशाने अभियंते नव्हते. लंडनला स्पिअरमन यांच्यापाशी मानसशास्त्राचे अध्ययन करून ते परतले आणि महाराजा महाविद्यालयात १९२४ साली त्यांनी त्या विषयाचा विभाग उभारला.

१० सप्टेंबर १९३५ रोजी ‘विठ्ठल विहार’ या आपल्या निवासस्थानी त्यांनी नभोवाणी केंद्र सुरू केले. प्रक्षेपक अवघा ३० वॅटचा. घरातल्या ४० वॅटच्या दिव्यावरचा आकडाही त्याहून मोठा! प्रक्षेपकातील व्हॉल्व्ह उच्च कंप्रतेची लहर निर्माण करी व तिच्यावर आवाज आरूढ होई. श्रोत्याच्या संचातील तारेचे वेटोळे आणि कंडेन्सर नेमकी तीच लहर वेचून घेत; मग दुसरा व्हॉल्व्ह तिच्यातून आवाज वेगळा करी.

असा खटाटोप एकट्याच्या मिळकतीवर किती काळ चालावा? तरीही पदरास खार लावून गोपालस्वामींनी तो नेटाने चालवला. १९४२ मध्ये संस्थान सरकारने केंद्र आपल्याकडे घेतले. १९५० मध्ये ते ‘ऑल इंडिया रेडिओ’त सामील झाले. पुढे त्या राष्ट्रीय संस्थेनेच ‘आकाशवाणी’ हे नाव धारण केले.

केंद्र हातचे गेले, नाव मात्र देशाचे झाले. वर्गाच्या चार भिंतींपलीकडे विद्या पोहोचवणाऱ्या या शिक्षकाचे स्मरण शाळेच्या हीरक महोत्सवात अगत्याचे वाटते.