न्यायमूर्तींनी सोडलेला मंडप

भिन्न मताच्या माणसांबरोबर एकत्र काम करावयाचे तर कोणी किती मागे सरावे, हा सार्वजनिक जीवनातील जुना प्रश्न आहे. या प्रश्नाची झळ न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याइतकी महाराष्ट्रात क्वचितच कोणाला लागली असेल.

१८४२ साली निफाड येथे जन्मलेले रानडे १८७१ साली न्यायखात्यातील अधिकारी म्हणून पुण्यात आले. सार्वजनिक सभा तेथे वर्षभरापूर्वीच स्थापन झाली होती. सरदार, इनामदार, सावकार आणि वकील अशी तिची सभासद मंडळी. त्यांपैकी बहुतेकांना प्रार्थना समाजाची उपासना मुळीच रुचणारी नव्हती. पण शेतसारा, दुष्काळ आणि व्यापार या प्रश्नांवर कोणाच्या देवघरात डोकावण्याचे कारण नव्हते. रानड्यांनी ही सामाईक भूमी ओळखली आणि १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने रयतेची स्थिती सरकारपुढे मांडली, तिच्यामागे तेच उभे होते.

याच वृत्तीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८७३ साली प्रथम पत्नीच्या निधनानंतर वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून या विधवाविवाहाच्या पुरस्कर्त्याने अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला. सुधारकांनी त्यांना दिलेला दोष अनाठायी नव्हता. पुढे त्यांनी रमाबाईंना स्वतः शिकविले व त्या स्त्रीशिक्षणाच्या अध्वर्यू झाल्या, हे खरे. परंतु त्यामुळे मूळची तडजोड समर्थनीय ठरत नाही.

१८९० साली पंचहौद मिशनमधील चहाचे प्रकरण उद्भवले. मिशनऱ्यांकडे चहा घेतला म्हणून पुण्यातील प्रतिष्ठितांवर ग्रामण्य आले. त्यांत रानड्यांप्रमाणे टिळकही होते. स्वतःपुरता बहिष्कार सोसणे रानड्यांना कठीण नव्हते. तथापि, मित्रांच्या घरांत चाललेली कुचंबणा पाहून त्यांनीही अखेर प्रायश्चित्त घेतले. सनातन्यांचे तेवढ्याने समाधान झाले नाही आणि सुधारकांचा विश्वासही डळमळला. मध्यममार्गी माणसाला दोन्हीकडून मार बसतो, तो असा.

खरी कसोटी लागली ती १८९५ साली. काँग्रेसचे अधिवेशन पुण्यात भरावयाचे होते. त्याच मंडपात सामाजिक परिषद भरविण्याचा प्रघात होता. टिळकपक्षाने त्यास विरोध केला. मंडप जाळण्याच्या धमक्यांपर्यंत मजल गेली. परिषदेचे प्रमुख या नात्याने रानड्यांना हट्ट धरता आला असता. मग काँग्रेसच दुभंगली असती. त्यांनी मंडप सोडला. परिषद मात्र सोडली नाही. ती वेगळ्या मंडपात, पुण्यातच भरली आणि विधवाविवाहाचा किंवा स्त्रीशिक्षणाचा एकही विषय कोणाच्या भयाने गाळला गेला नाही.

या दोन प्रसंगांतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. प्रायश्चित्तात ज्या आचाराला ते दोष मानीत नव्हते, त्याला दोष म्हणून मान्यता मिळाली. मंडपाच्या वेळी त्यांनी केवळ मान आणि सोय यांवर पाणी सोडले. पहिल्या माघारीने विचार दुबळा झाला, दुसरीने तो टिकला. समन्वय म्हणजे मुळमुळीतपणा, असे मानणाऱ्यांनी आणि समन्वयाच्या नावाखाली प्रत्येक माघार खपविणाऱ्यांनीही हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत.

सार्वजनिक सभाही टिळकपक्षाच्या हाती गेली. रानड्यांनी शिव्याशापांत वेळ न दवडता १८९६ साली सहकाऱ्यांसह डेक्कन सभा स्थापन केली. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा अनेक वर्षे त्यांच्याशी झुंजलेल्या टिळकांनी केसरीतील मृत्युलेखात त्यांच्या थोरवीला मुक्तकंठाने मान दिला. दोघांमधील एकही मतभेद तोवर मिटलेला नव्हता. मतभेद कायम असताही प्रतिपक्षाच्या मनात आदर शिल्लक राहावा, एवढी जागा रानड्यांनी आयुष्यभर मोकळी ठेवली होती. त्या जागेवरच सार्वजनिक कार्य उभे राहते.