औंधच्या राजाने लावलेली सवय

औंध संस्थान नकाशावर शोधायला गेलं तर एका जागी सापडत नाही. एक तुकडा साताऱ्यात, एक आटपाडीच्या माळावर, एक कुंडलच्या बाजूला आणि एक थेट विजापूरकडे, आजच्या कर्नाटकातलं गुणदाळ. सगळी मिळून ७२ गावं, क्षेत्रफळ जेमतेम ५०० चौरस मैल. उत्पन्न बेताचं, पाऊस त्याहून बेताचा. एवढ्याशा संस्थानाचा राजा लोकांच्या लक्षात राहायचं तसं काही कारण नव्हतं. पण भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, म्हणजे लोकांचे बाळासाहेब, लक्षात राहिले. सूर्यनमस्कार आज शाळेच्या मैदानावर रोजचा व्यायाम म्हणून घातले जातात, त्यात या राजाचा वाटा मोठा आहे.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी.ए. झाले. चित्रकला, कीर्तन आणि व्यायाम हे त्यांचे तीन नाद. गादी काही लगेच मिळाली नाही. वडिलांनंतर थोरले बंधू, मग पुतण्या असं होत होत १९०९ साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी ते गादीवर बसले.

व्यायामाची सुरुवात मात्र नमस्कारांनी झाली नव्हती. त्या काळात युजेन सँडो या प्रशियात जन्मलेल्या आणि लंडनमध्ये नाव काढलेल्या पहिलवानाचा जगभर बोलबाला होता. पिळदार शरीर कमवायचं तर सँडोची पद्धत, असा सुशिक्षित तरुणांचा समज. बाळासाहेबांनीही त्याची पुस्तकं आणि साधनं मागवली आणि सुमारे दहा वर्षं नेमाने तो व्यायाम केला. दंड भरले, छाती रुंदावली.

मग मिरजेच्या पटवर्धन अधिपतींनी त्यांना सूर्यनमस्कारांकडे वळवलं. नमस्कार आपल्याकडे काही नवे नव्हते. घरोघरी व्रत म्हणून ते घातले जात, समर्थ रामदासांच्या परंपरेतही त्यांना मान होता. १९०८ च्या सुमारास बाळासाहेबांनी डंबेल्स बाजूला ठेवली आणि नमस्कार धरले, ते म्हातारपणापर्यंत सोडले नाहीत.

त्यांनी या नमस्काराला व्यायामाची शिस्त दिली. दहा अवस्था ठरवल्या. सरळ उभं राहायचं, कमरेत वाकून तळवे जमिनीला टेकवायचे, एक पाय मागे, मग दुसरा, छाती आणि कपाळ जमिनीला, पाठीची मागे कमान, आणि त्याच वाटेने परत वर. प्रत्येक हालचालीला श्वासाची जोड आणि सोबत बीजमंत्र. साधन काहीच लागत नाही, चटईएवढी जागा पुरे. राजाला सँडोची साधनं परवडली. आटपाडीच्या शेतकऱ्याच्या पोराला ती कुठून परवडणार? बाळासाहेबांना हा फरक कळला, हे महत्त्वाचं.

गादीवर आल्यावर त्यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे केले. मुलांबरोबर मुलींनाही. बाईमाणसाने व्यायाम करायचा ही कल्पनाच अनेकांना पचणारी नव्हती, तेव्हा राणीसाहेब स्वतः नमस्कार घालत होत्या. आधी स्वतःच्या अंगावर, मग घरात आणि मग प्रजेत असा तो क्रम होता.

औंधला माणसंही तशीच जमली. बेळगावातली जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना बाळासाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळ दिला, आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. सावंतवाडीजवळच्या कोलगावचे आणि हैदराबादेत चित्रकार म्हणून नाव केलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधला येऊन राहिले. वेदांच्या अभ्यासाबरोबर त्यांनी आसनांचा आणि सूर्यनमस्कारांचा प्रचार केला. पुढे ते गुजरातमधल्या पारडीला गेले आणि शंभरी गाठून वारले.

बाळासाहेबांनी नमस्कारांवर पुस्तकं लिहिली. १९३६ साली ते इंग्लंडला गेले, तेव्हा लुईज मॉर्गन या पत्रकार बाईंना साठी ओलांडलेल्या या राजाच्या तब्येतीचं कुतूहल वाटलं. त्यांनीच संपादित केलेलं इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये निघालं. त्यात नमस्कारांइतकंच आहारावरही सांगितलं आहे. साधं खा, मोजकं खा, हा सगळ्याचा रोख. नमस्कार आणि जेवण हा एकच हिशेब आहे, असं ते धरून चालत.

हा हिशेब आज शरीरशास्त्राच्या भाषेत मांडता येतो. नमस्कारात मांड्या, पाठ, खांदे असे मोठे स्नायू एकाच वेळी राबतात. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा रक्तातली साखर आत ओढून घ्यायला तो इन्सुलिनची वाट बघत बसत नाही. व्यायाम थांबल्यावरही पुढचे काही तास, कधी एक-दोन दिवस, शरीरातलं इन्सुलिन जास्त चांगलं काम करतं. मग तो परिणाम ओसरतो. म्हणून रविवारी दोन तास घाम गाळून आठवडाभर बसून राहण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं साखरेला जास्त मानवतात. नेम मोडू नका हा बाळासाहेबांचा हट्ट होता. त्यामागचं कारण त्यांच्या काळात कुणाला नीट ठाऊक नव्हतं, पण हट्ट बरोबर होता.

आता जेवणाची बाजू. मध्यम ते जलद गतीने अर्धा तास नमस्कार घातले, तर वजन आणि वेग यांप्रमाणे साधारण सव्वाशे ते सव्वादोनशे कॅलरी खर्च होतात. पन्नास ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या एका भाकरीत सुमारे पावणेदोनशे कॅलरी असतात. म्हणजे अर्ध्या तासाचा घाम एका भाकरीएवढा! व्यायाम केला म्हणून वर दोन वडापाव खाल्ले तर गणित उलटं फिरलंच. वजन मुख्यत्वे ताटात ठरतं. व्यायामाचं काम वेगळं आहे. तो स्नायू टिकवतो, हृदय आणि फुप्फुसांची ताकद वाढवतो आणि खाल्लेली साखर कुठे जाणार ते ठरवतो. स्नायूही नुसत्या व्यायामाने भरत नाही. त्याला डाळ, उसळ, दूध, अंडं असं प्रथिन लागतं. एकाची कसर दुसऱ्याने भरून निघत नाही.

बाळासाहेबांचं सगळंच मान्य करावं असं नाही. नमस्कारांनी जवळजवळ प्रत्येक दुखणं पळतं, अशा थाटाचे दावे त्यांच्या लिखाणात आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींना आजचं वैद्यक दुजोरा देणार नाही. सक्तीने गोडी लागते का, हाही प्रश्न उरतोच. शिवाय अंगमेहनत करून अर्धपोटी राहणाऱ्या घरातल्या पोराला नमस्काराच्या आधी भाकर लागते. दुष्काळी मुलखातल्या राजाला हे समोर दिसत होतं. पुढे गांधीजींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या मदतीने १९३९ साली त्यांनी नवी राज्यघटना लागू केली आणि कारभार गावपंचायतींच्या हाती सोपवला. राज्य सोडून देणारा राजा म्हणून त्यांचं नाव झालं ते तेव्हा.

१९४८ साली संस्थान विलीन झालं आणि १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी बाळासाहेब वारले. चिरंजीव अप्पासाहेब पंत पुढे भारताचे राजदूत झाले. त्यांनीही नमस्कार सोडले नाहीत आणि त्यावर पुस्तक लिहिलं.

आज या सवयीची गरज तेव्हापेक्षा जास्त आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि प्रमाणात गोवा सगळ्यांत पुढे, २६.४ टक्के. म्हणजे प्रौढांमध्ये चारांत एक. अंगमेहनत सुटली, पांढरा भात आणि गोड चहा मात्र तेवढाच राहिला, हे कुठल्याही घरात दिसेल. औषध चालू असेल तर ते चालूच ठेवायचं. रक्तदाब, हृदयविकार, गुडघे किंवा पाठीचं दुखणं असेल, किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारायचं. बाकीच्यांनी पाच-सहा नमस्कारांनी सुरुवात करावी, आठवड्याला दोन-चार वाढवावेत. आकडा किती झाला यापेक्षा उद्या सकाळी पुन्हा उभे राहिलो का, हे जास्त मोलाचं.