दिव्यापलीकडची नाइटिंगेल



गेल्या महिन्यात मोठ्या गटातल्या मुलांनी थोर व्यक्तींवर पाच-पाच मिनिटे बोलायचे ठरले होते. तिघांनी एकच नाव निवडले: फ्लॉरेन्स नाइटिंगेल. तिन्ही भाषणांत रात्री हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरणारी परिचारिका आली आणि टाळ्याही मिळाल्या. आम्हा संगणकवाल्यांना मात्र ही बाई आवडते ती दिव्यापेक्षा तिच्या तक्त्यांसाठी. ती गोष्ट राहून गेली, म्हणून हा लेख.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातला, म्हणून ते नाव. थोरली बहीण नेपल्सला जन्मली, तिला त्या शहराचे जुने ग्रीक नाव मिळाले, पार्थेनोपी. (आपल्याकडे गावावरून आडनावे येतात, यांच्याकडे नावेच आली!) घर इंग्रज आणि चांगले सधन. वडिलांनी मुलींना घरीच शिकवले. फ्लॉरेन्सला गणिताची विलक्षण ओढ होती. पण तिने परिचारिका व्हायचे म्हटल्यावर घरात वादळ उठले, कारण त्या काळी इस्पितळातली चाकरी हलकी समजत. ती बधली नाही. १८५१ मध्ये जर्मनीत कैझर्सवर्थला शिकून आली आणि १८५३ मध्ये लंडनच्या एका लहानशा रुग्णालयाची व्यवस्था पाहू लागली.

तेवढ्यात क्रिमियाचे युद्ध पेटले. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी ती ३८ परिचारिकांसह इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी येथील लष्करी इस्पितळात पोहोचली. तिथली घाण, उवा, अपुरी अंथरुणे यांची वर्णने तुम्ही वाचली असतील. आम्हाला सर्वांत धक्कादायक वाटते ते वेगळेच. मृत्यूंची नोंद तीन वेगवेगळ्या वह्यांत होत असे, आणि तिन्हींचे आकडे एकमेकांशी जुळत नसत! किती माणसे गेली हेच जिथे नक्की नाही, तिथे ती कशाने गेली हे कोण सांगणार?

१८५६ मध्ये बाई मायदेशी परतल्या. अपुरे अन्न आणि अतिश्रम यांमुळे सैनिक दगावले अशी त्यांची समजूत होती. जन्ममृत्यूंच्या सरकारी नोंदणी कार्यालयातले संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासोबत त्या आकडे घेऊन बसल्या. मार्च १८५५ मध्ये इंग्लंडहून एक स्वच्छता पथक स्कुटारीला आले होते. त्याने गटारे उपसली, हवा खेळती केली, आणि त्यानंतर मृत्यू झपाट्याने उतरले होते. म्हणजे ज्या इमारतीत आपण रात्रंदिवस झटलो, तिच्याच खाली तुंबलेली गटारे रुग्णांचे बळी घेत होती. स्वतःविरुद्ध जाणारा असा निष्कर्ष मान्य करायला किती धैर्य लागले असेल! बाईंनी तो मान्य केला आणि उरलेले आयुष्य त्याच्याच पाठपुराव्याला वाहिले.

मंत्र्यांना तक्ते वाचायचा कंटाळा येतो हे त्यांना ठाऊक होते. म्हणून १८५८ मध्ये त्यांनी एक चित्र छापले. वर्तुळाचे बारा महिन्यांचे बारा भाग, टाळता येण्याजोग्या आजारांचे मृत्यू निळे, जखमांचे लाल, इतर काळे. निळा रंग सगळीकडे पसरलेला!

ते आकडे आज 'आर' या मोफत संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरच्या 'हिस्टडेटा' या संचात 'नाइटिंगेल' याच नावाने मिळतात. आम्ही ते वर्गात उघडले. जानेवारी १८५५: सैन्य ३२,३९३, आजाराने मृत्यू २,७६१, जखमांनी फक्त ८३. शेजारच्या रकान्यात आजाराच्या मृत्यूंचे प्रमाण दर हजारी १०२२.८ होते. एका मुलीने लगेच विचारले, की हजारातली हजारांहून जास्त माणसे मरतील कशी? शाबास! तो दर वर्षाचा आहे. महिन्याच्या मृत्यूंना सैन्याच्या संख्येने भागा, बाराने गुणा आणि मग हजाराने गुणा. जानेवारीसारखेच वर्षभर चालले असते, तर नवी कुमक आल्याशिवाय एकही सैनिक उरला नसता. पुढच्या वर्षीच्या जानेवारीत, सैन्य ४४,२१२ असताना, आजाराने मृत्यू ४२.

मग आमची फजिती झाली. घाईत आम्ही मृत्युदर त्रिज्येवर मोजला आणि जानेवारीचा भाग कागदाबाहेर गेला. त्रिज्या दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते! बाईंनी आकडे क्षेत्रफळाने दाखवले होते, म्हणून त्रिज्येसाठी वर्गमूळ घ्यावे लागते. सॉफ्टवेअरने आमचे चुकीचे चित्रही तितक्याच ऐटीत काढून दिले होते.

१८५८ मध्येच त्या लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेच्या पहिल्या स्त्री सभासद झाल्या. १८६० मध्ये सर्व इस्पितळांनी एकाच पद्धतीने नोंदी ठेवाव्यात अशी योजना त्यांनी मांडली. आजारपणामुळे पुढची कित्येक वर्षे त्या अंथरुणातूनच काम करत. हिंदुस्थानात कधीही न येता त्यांनी इथल्या लष्करी ठाण्यांना प्रश्नावल्या पाठवल्या. पाणी कुठून येते, सांडपाणी कुठे जाते, किती आजारी, किती मृत. आलेल्या ढिगाऱ्यातून तक्ते केले. पुढे त्या सैनिकांबरोबर इथल्या खेड्यांच्या आरोग्याकडेही वळल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता.

१८९१ मध्ये ऑक्सफर्डला संख्याशास्त्राचे अध्यापकपद व्हावे म्हणून त्यांनी फ्रान्सिस गाल्टन यांच्याशी बोलणी केली. ते जमले नाही. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्या गेल्या.

पहिले वर्तुळ वर्गाच्या भिंतीवर लावले आहे. एप्रिल १८५५ ते मार्च १८५६ चे दुसरे वर्तुळ मुलांनी काढायचे आहे. आकड्यांची प्रत वर्गात मिळेल. वर्गमूळ विसरू नका, आणि छोट्या गटाने रंगपेटी आणावी.