हसलेले लोक कुठे गेले?

१९६४ साली न्यूयॉर्कच्या एका कोर्टात अजब सीन चालू होता. एक सरकारी लायसन्स इन्स्पेक्टर साक्षीदार म्हणून उभा होता आणि आपल्या नोंदींच्या आधारे चक्क स्टँडअप कॉमेडी करून दाखवत होता. जोक अर्थातच त्याचे नव्हते. ज्याचे होते, तो आरोपी म्हणून समोर बसला होता. त्याची तक्रार अशी, की हा माणूस माझे जोक वाट्टेल तसे सांगणार आणि शिक्षा मात्र मला होणार!

हा आरोपी म्हणजे लेनी ब्रूस. आज माइक हातात घेऊन धर्म, राजकारण, सेक्स अशा कुठल्याही विषयावर बोलणारे कॉमेडियन आपण मोबाइलवर बघतो. ती वाट पाडणाऱ्यांमध्ये लेनीचं नाव फार वर आहे.

खरं नाव लेनर्ड आल्फ्रेड श्नायडर. जन्म १३ ऑक्टोबर १९२५, न्यूयॉर्कजवळच्या मिनिओलात, ज्यू कुटुंबात. आई-वडील लवकरच वेगळे झाले, त्यामुळे बालपण नातेवाइकांच्या घरी फिरतीवर गेलं. आई सॅली मार स्वतः स्टेजवर काम करायची. दुसऱ्या महायुद्धात पोरगेल्या वयातच लेनी नौदलात गेला. परत आल्यावर नकला, रेडिओवरची टॅलेंट स्पर्धा असं करत करत तो कॅलिफोर्नियातल्या स्ट्रिप क्लबमध्ये पोचला. तिथे लोक त्याला ऐकायला यायचेच नाहीत. पण कुणी ऐकत नाही म्हटल्यावर मनात येईल ते बोलायची भीती गेली.

मग तो सुटलाच. धर्माचा धंदा, पोलीस, लैंगिकतेबद्दलचा दुटप्पीपणा, गोऱ्यांच्या मनातला वंशद्वेष, सगळं स्टेजवर आलं. काळ्यांना, ज्यूंना, इटालियनांना दिल्या जाणाऱ्या शिव्या तो भर क्लबमध्ये मोठ्यानं मोजून दाखवायचा. शब्द दाबून ठेवला की त्याचं विष वाढतं, असं त्याचं म्हणणं. फेब्रुवारी १९६१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रचंड बर्फ पडलं होतं, रस्ते बंद होते. तरी मध्यरात्री कार्नेगी हॉल त्याच्यासाठी खचाखच भरला.

लेनी काही संत नव्हता. उमेदीच्या काळात त्यानं पाद्रीचा वेष घालून कुष्ठरोग्यांच्या नावानं देणग्या गोळा केल्या होत्या आणि त्यातला बराच पैसा स्वतःकडे ठेवला होता. ड्रग्जचं व्यसन होतं. जॉन केनेडींच्या हत्येला काही महिने झाले नाहीत, तोच त्यानं त्यांच्या पत्नीवर जोक केला होता. ते ऐकून एखाद्याचं डोकं फिरलं असेल, तर त्यात चूक काय?

प्रश्न आहे, डोकं फिरल्यावर काय करायचं? ऑक्टोबर १९६१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अश्लीलतेबद्दल त्याला पहिल्यांदा अटक झाली. पुढच्या वर्षी तिथल्या ज्युरीनं त्याला निर्दोष सोडलं. पण पोलिसांचा ससेमिरा सुटला नाही. डिसेंबर १९६२ मध्ये शिकागोत भर शोमध्ये पोलीस घुसले आणि प्रेक्षकांचीही ओळखपत्रं तपासू लागले. ओळखपत्र दाखवायला नकार देणाऱ्या एका तरुणालाही त्यांनी उचललं. तो होता जॉर्ज कार्लिन, जो पुढे स्वतः मोठा कॉमेडियन झाला.

एप्रिल १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘कॅफे ऑ गो गो’ क्लबमधून लेनीला पकडलं. त्याच्याबरोबर क्लबच्या मालकावरही केस झाली. त्या केसची सुरुवात झाली ती त्या इन्स्पेक्टरच्या नोंदींपासून. तिकीट काढून आलेल्या लोकांना उठून जायला कुणी अडवलं नव्हतं.

या खटल्यात एक साक्ष मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. डोरोथी किलगॅलन ही प्रसिद्ध स्तंभलेखिका, कॅथलिक, जुन्या वळणाची. लेनीच्या तोंडी असलेले शब्द ती स्वतः कधी उच्चारणार नाही अशी. तरीही ती कोर्टात त्याच्या बाजूनं उभी राहिली. बॉब डिलन, वुडी ॲलन, एलिझाबेथ टेलर यांनी त्याच्या पाठिंब्याच्या पत्रकावर सह्या केल्या. उपयोग झाला नाही. नोव्हेंबरमध्ये तो दोषी ठरला आणि डिसेंबरमध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली.

अपील करायचं म्हणून तो जामिनावर बाहेर राहिला. पण खरी शिक्षा बाहेरच होती. लायसन्स जाईल या भीतीनं क्लबवाले त्याला बोलवेनात. कोर्टकचेऱ्यांत पैसा संपला, १९६५ मध्ये दिवाळं निघालं. जिथे शो मिळायचा तिथे जोक सोडून तो खटल्याचे कागद वाचून दाखवायचा. लोक कंटाळून उठून जायचे. कार्नेगी हॉलला बर्फ तुडवत आलेली गर्दी कुठे होती? ३ ऑगस्ट १९६६ रोजी हॉलिवूडमधल्या घरात मॉर्फिनच्या ओव्हरडोसनं तो गेला. वय अवघं ४०.

डिसेंबर २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नरनी त्याला मरणोत्तर माफी दिली. त्या राज्याच्या इतिहासातली अशी पहिलीच माफी. मृत्यूनंतर ३७ वर्षांनी!

लेनीला कुणी संपवलं, असं विचारलं तर पोलीस, कोर्ट, ड्रग्ज अशी उत्तरं मिळतात. ती खरीच आहेत. पण समोर बसून पोट धरून हसलेल्यांचं काय? जोक आवडला नाही तर प्रेक्षकाच्या हातात भरपूर काही असतं. तिकीट काढू नका, उठून जा, क्लिप फॉरवर्ड करू नका, त्याच्याविरुद्ध सणसणीत लिहा. दुबळ्यावर केलेल्या जोकला हसू नका, कारण आपल्या हसण्यावरच तो जोक पुढच्या शोपर्यंत जगतो. आणि हसला असाल, तर उद्या त्या माणसाला बेड्या पडल्यावर आपण तिथे नव्हतोच, असा चेहरा करू नका. किलगॅलनबाईंना ते शब्द तोंडातही घेववत नव्हते, तरी त्या कोर्टाची पायरी चढल्या. आपण निदान आपल्या हसण्याची जबाबदारी तरी घेऊ शकतो ना?