अर्जदार कोमरम भीम

निजामी राजवटीशी झुंजलेल्यांचे स्मरण मराठवाडा दरवर्षी १७ सप्टेंबरला करतो. हिंगोली, वसमत, कळमनुरी येथेही त्या दिवशी ध्वज फडकतो आणि हुतात्म्यांची नावे घेतली जातात. त्या नामावलीत कोमरम भीम हे नाव सहसा येत नाही. ते तेलंगणाचे, असे आपण धरून चालतो. वस्तुतः ज्या आदिलाबाद जिल्ह्यात भीम जन्मले आणि मारले गेले, त्याच जिल्ह्यात किनवट व राजुरा हे आज महाराष्ट्रात असलेले तालुके १९५६ पर्यंत मोडत होते. कळमनुरी, औंढा भागात ज्यांची वस्ती आहे त्या आंध आदिवासींची गावे आदिलाबादेतही आहेत. राज्यपुनर्रचनेने भाषेची सरहद्द आखली, आणि डोंगराचा इतिहास तिच्या पलीकडे राहून गेला.

भीम यांचा जन्म १९०१ सालचा, आसिफाबादजवळच्या संकेपल्लीचा. घराणे गोंडांचे. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. जंगलखात्याच्या माणसांशी झालेल्या तंट्यात वडील चिन्नू मारले गेले, तेव्हा भीम पंधरा वर्षांच्या आसपास होते. कुटुंब उठून केरामेरीकडील सर्दापूरला गेले. तेथे जमीन कसली, पीक हाती आले, आणि सिद्दीक नावाच्या जमीनदाराने त्यावर हक्क सांगितला. झटापटीत भीम यांच्या हातून सिद्दीक ठार झाला. हा प्रसंग त्यांचे काही चरित्रकार वीरश्रीच्या भरात रंगवितात. त्याची गरज नाही. एका तरुणाच्या हातून रागाच्या भरात खून झाला आणि तो परागंदा झाला, एवढेच सरळ सांगावे.

ते चांद्याला आले. विठोबा नावाच्या छापखानेवाल्याने त्यांना आसरा दिला आणि तेथेच त्यांना अक्षरओळख झाली, असे परंपरा सांगते. पुढे विठोबाला अटक झाली. भीम आसामच्या चहामळ्यांत मजुरीला गेले, तेथील कामगारांच्या चळवळीत पकडले गेले आणि तुरुंगातून निसटून बल्लारशाहमार्गे परत आले. काकनघाटच्या लच्चू पटेलाकडे राहत असताना त्यांनी पटेलाच्या जमिनीच्या दाव्यात खटपट केली. तलवारीपेक्षा दाव्याचा कागद हा भीम यांच्या सार्वजनिक कार्याचा आरंभ आहे, ही गोष्ट पुतळे उभारणाऱ्यांच्या नजरेतून सुटते.

हा कागद इतका महत्त्वाचा का झाला होता, ते समजून घेतले पाहिजे. डोंगरातील हलकी जमीन दोन-तीन वर्षे पिकली की थकते. गोंड शेतकरी मग ती पडीक टाकून शेजारचा तुकडा नांगराखाली घेई आणि काही वर्षांनी पुन्हा पहिल्या जागी येई. गावाची जमीन म्हणजे कसलेली आणि विसावलेली अशी दोन्ही मिळून. निजामाच्या जंगलखात्याने राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या, तेव्हा ही विसावलेली जमीन जंगलात धरली गेली. नांगराखालचा तुकडा थकल्यावर परत जायला जागा उरली नाही; गेलाच तर तो अतिक्रमण करणारा ठरला. दुसरीकडे रेल्वे आणि सडका झाल्या. बाहेरून आलेले व्यापारी व जमीनदार कचेरीची भाषा जाणत होते, त्यांच्या नावे पट्टे झाले. ज्याने रान मोडून शेत केले, त्याचे नाव मात्र दप्तरात कोठेच नव्हते. शिवाय चराईचा कर होता, जळणाच्या लाकडावर पहारा होता.

अमेरिकेतील सू जमातीची कथा या संदर्भात आठवते. काळ्या टेकड्यांचा मुलूख त्यांचाच, असा करार १८६८ मध्ये झाला होता. सोने सापडताच तो मोडला गेला. पुढे १८९० मध्ये त्यांचा नेता सिटिंग बुल याला पकडायला पोलीस गेले आणि त्या झटापटीत तो गोळी लागून मेला. परंतु करार कागदावर होता, म्हणून १९८० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाला भरपाई मान्य करावी लागली. आणि आम्हाला पैसा नको, जमीन हवी, या भूमिकेने जमातीने ती नाकारली. गोंडांच्या हाती मोडला जाण्यासाठीदेखील करार नव्हता.

भीम बाबेझरीला राहू लागले. तेथील गोंड व कोलाम कुटुंबांनी रान साफ करून शेती केली, झोपड्या घातल्या. जंगलखात्याने त्या जाळल्या. भीम यांनी अर्ज केले, वरपर्यंत दाद मागितली, पण दाद लागली नाही. तेव्हा कोठे जोडेघाटच्या डोंगरात बारा गावांची माणसे हत्यारे घेऊन एकत्र आली. पाणी, जंगल आणि जमीन यांवर तेथे राहणाऱ्यांचा हक्क, ही त्यांची मागणी होती. पट्टे देतो, असे आसिफाबादच्या अधिकाऱ्यांनी अखेरीस मान्य केल्याचे सांगतात. तोवर मागणी पट्ट्यांपलीकडे, स्वतःच्या कारभारापर्यंत गेली होती. १९४० साली फितुरीने ठावठिकाणा कळला आणि पोलिसांच्या गोळीबारात भीम व त्यांचे साथीदार मारले गेले.

यानंतर सरकारला चौकशी सुचली. युद्धामुळे हैदराबाद संस्थानात अडकून पडलेले ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे हे काम आले. विसावलेल्या जमिनीचे जे गणित वर सांगितले, ते त्यांनी सरकारदरबारी मांडले. त्यांच्या शिफारशींमुळे हजारो आदिवासी कुटुंबांना पट्टे मिळाले आणि मार्लवाईला गोंड शिक्षकांचे केंद्र निघाले. अर्जातली मागणी रास्त होती, हे अर्जदार मेल्यावर त्याच सरकारने मान्य केले. संस्थान गेले, तरी प्रश्न गेला नाही. जमिनीच्याच प्रश्नावर सभेसाठी जमलेल्या गोंडांवर २० एप्रिल १९८१ रोजी याच जिल्ह्यात इंद्रवेल्ली येथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकड्याप्रमाणे १३ जण ठार झाले.

आज भीम यांच्या नावाचा जिल्हा आहे. २०२२ च्या एका गाजलेल्या तेलुगू चित्रपटाने त्यांचे नाव घरोघर नेले, पण त्यातली कथा सर्वस्वी काल्पनिक होती; दफ्तर, पट्टा, अर्ज यांना पडद्यावर जागा मिळणे कठीणच. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र तीच भाषा कायद्याच्या पुस्तकात आणली. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीचा दावा आधी ग्रामसभेपुढे येतो, आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत त्याला हुसकावता येत नाही. कळमनुरी किंवा औंढ्याच्या आंध शेतकऱ्याला तो बाबेझरीच्या शेतकऱ्याइतकाच लागू आहे. ग्रामसभेपुढे दावा मांडताना पुरावा जमवावा लागतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचे नाव दप्तरात नव्हते, त्यांच्यापुढची अडचण तीच जुनी आहे.

आदिलाबादेतील केसलापूरला पौषाच्या अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. हायमेनडॉर्फ यांच्या काळापासून तेथे एक दरबार भरविला जातो. जिल्ह्याचे अधिकारी गोंडांसमोर बसतात, गाऱ्हाणी ऐकतात आणि अर्ज घेतात. त्यांत जमिनीचे अर्ज असतात.